माऊसचं चाक उलटं पळतं तेव्हा

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. घरोघरच्या आठ-दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरमध्ये यातलं काही ना काही कमी पडतं. यंत्र तर धडधाकट असतं, भंगारात द्यायला जीव होत नाही. मग घरातलं कुणी तरुण माणूस पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबंटू घेऊन येतं आणि एका दुपारी आजोबांचा कॉम्प्युटर पुन्हा चालू होतो. सकाळचं मराठी वर्तमानपत्र, नातवंडांचे फोटो, बँकेचं पान, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, सगळं पूर्ववत.

काही महिन्यांनी फोन येतो, "अरे, तुझं ते लिनक्स काही बरोबर नाही. पान खाली नेलं की वर उडी मारतं."

या तक्रारीवर घरात तीन निकाल लागतात. एक, लिनक्सच वाईट. दोन, माऊस फेका, नवीन आणा. तिसरा निकाल कुणी बोलून दाखवत नाही: "आता माझाच हात बरोबर चालत नाही." हा तिसरा निकाल सगळ्यात महाग पडतो. कारण त्यानंतर कॉम्प्युटरवर बसणं हळूहळू कमी होतं आणि आपल्याला ते कळतही नाही.

म्हणून आपण तरुण मंडळींनी, ज्यांना घरोघरचे असे फोन येतात, चाकाचा दोष नेमका कुठे आहे हे शोधायला शिकून घ्यावं. त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. क्रमाने विचार करावा लागतो, एवढंच.

खटक्यापासून पानापर्यंत

चाक फिरवलं की बोटाला बारीक खटके जाणवतात. बऱ्याच साध्या माऊसमध्ये एका पूर्ण फेरीत असे 24 खटके असतात, म्हणजे एक खटका 15 अंशांचा. चाकाचा आस एन्कोडर नावाच्या छोट्या डबीत गेलेला असतो. डबीत दोन संपर्क असतात आणि ते थोड्या अंतराने चालू-बंद होतात. पहिला आधी लागला तर चाक एका दिशेने फिरलं, दुसरा आधी लागला तर उलट दिशेने. दिशा ओळखायची युक्ती एवढीच आहे. काही माऊसमध्ये धातूच्या संपर्कांऐवजी फटी असलेली चकती आणि इन्फ्रारेड प्रकाश असतो, पण तत्त्व तेच.

इथून संदेश पुढे निघतो. माऊसमधली चिप तो वायरीतून किंवा बिनतारी कॉम्प्युटरला पाठवते. लिनक्सचं कर्नल तो सगळ्यात आधी ऐकतं. कर्नलकडून तो लिबइनपुट या मधल्या थराकडे जातो. तिथून एक्स किंवा वेलँड या पडदा सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे आणि डेस्कटॉपकडे. शेवटी फायरफॉक्ससारखा प्रोग्राम ठरवतो की पान किती सरकवायचं.

म्हणजे चाक आणि पान यांच्यामध्ये पाच ठाणी झाली: माऊस, जोडणी, कर्नल, डेस्कटॉप आणि प्रोग्राम. "चाक बिघडलं" म्हणजे यांपैकी कुठल्या तरी ठाण्यावर गडबड झाली. कुठल्या, ते शोधायचं.

टर्मिनल उघडण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: हा त्रास एकाच प्रोग्राममध्ये होतो की सगळीकडे? फायरफॉक्समध्ये पान अडखळतं, पण फाइल्सच्या खिडकीत आणि लिबरऑफिसमध्ये चाक नीट चालतं, तर माऊस निर्दोष आहे. दोष फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये शोधा.

दुसरा प्रश्न: हाच माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला तर? त्रास माऊसबरोबर गेला, तर दोष माऊसमध्ये. मागेच राहिला, तर दोष कॉम्प्युटरमध्ये.

तिसरा प्रश्न: दुसरा कुठलाही माऊस या कॉम्प्युटरला लावला तर? शेजाऱ्यांकडून पाच मिनिटांसाठी मागून आणलेला माऊसही चालतो.

या तीन प्रश्नांत बहुतेक प्रकरणं निकालात निघतात. दोष कॉम्प्युटरमध्ये आहे असं दिसलं तर आणखी एक सोपी चाचणी आहे. कॉम्प्युटरवर नवं युजर खातं तयार करून त्यातून लॉगिन करा. डेस्कटॉपच्या बहुतेक सेटिंग्ज ज्याच्या-त्याच्या होम फोल्डरमध्ये असतात. नव्या खात्यात चाक नीट चाललं, तर जुन्या खात्यातली कुठली तरी सेटिंग बदलली आहे. तिथेही नाही चाललं, तर लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह लावून इन्स्टॉल न करता नुसतं चालवून पाहा. तिथे चाक नीट चाललं, तर गडबड आपल्या हार्ड डिस्कवरच्या लिनक्समध्ये आहे.

चाक बिघडलेलंच नसतं तेव्हा

अनेकदा चाक आपलं काम चोख करत असतं आणि आपल्याला वेगळंच दिसतं.

पान सरकण्याऐवजी अक्षरं मोठी-लहान होत असतील, तर कंट्रोलची कळ अडकली आहे. कंट्रोल दाबून चाक फिरवलं की झूम होतो. बडोद्याला माझ्या आत्याकडे हेच झालं होतं. कीबोर्डच्या डाव्या कंट्रोलखाली भाकरवडीचा चुरा गेला होता. कीबोर्ड उलटा करून झटकला, ब्रश फिरवला आणि "लिनक्स" सुधारलं. चाकाने पान आडवं सरकत असेल, तर तसाच संशय शिफ्टवर घ्या. खात्री करायला कीबोर्डची वायर काढून चाक फिरवून पाहा.

दुसरा प्रकार खास लिनक्सचा आहे. चाक हे मधलं बटणही असतं. लिनक्सवर एखादा मजकूर नुसता माऊसने निवडला आणि दुसरीकडे जाऊन चाक दाबलं, की तो मजकूर तिथे उमटतो. कॉपी-पेस्ट केलेलं नसतानाही. ज्येष्ठ मंडळींचं बोट चाकावर जरा जोरात पडतं आणि पत्रात मध्येच भलतीच ओळ येते. त्यांना वाटतं व्हायरस शिरला. ब्राउझरमध्ये लिंकवर चाक दाबलं गेलं तर नवा टॅब उघडतो, आणि टॅबवरच दाबलं गेलं तर तो टॅब बंद होतो. "पान आपोआप गेलं" या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

एक्सएफसीई डेस्कटॉपवर रिकाम्या पडद्यावर चाक फिरवलं की दुसरा वर्कस्पेस समोर येतो. "माझ्या सगळ्या खिडक्या गेल्या" असा फोन आला तर चाक उलट फिरवायला सांगा, सगळ्या खिडक्या परत येतील. आणि पान नेमकं, न चुकता उलट्या दिशेने जात असेल, तर माऊसच्या सेटिंगमध्ये नॅचरल स्क्रोलिंग चालू झालेलं आहे. ते बंद करा, झालं.

हे लक्षात ठेवा: सेटिंगचा दोष नेहमी सारखाच वागतो. झिजलेला भाग मात्र कधी नीट, कधी चुकीचा वागतो. दहा वेळा फिरवून दहाही वेळा उलटं गेलं तर सेटिंग. दहातून दोनदाच उलटं गेलं तर माऊस.

आता टर्मिनल

इथे कमांडची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायची.

पहिली कमांड ईव्हीटेस्ट. उबंटू आणि मिंटवर ती वेगळी इन्स्टॉल करावी लागते. पुढे सुडो लावून चालवली की ती जोडलेल्या उपकरणांची यादी देते. त्यातला माऊसचा क्रमांक टाकायचा. आता चाक अगदी सावकाश, एकाच दिशेने, आपल्याकडे, म्हणजे पान खाली नेताना फिरवतो तसं दहा खटके फिरवा. कर्नलला जे ऐकू आलं ते पडद्यावर ओळीओळीने उमटतं. रिल-व्हील असं लिहिलेल्या ओळीत प्रत्येक खटक्याला उणे 1 हा आकडा दिसला पाहिजे. कर्नल 5.0 पासून, म्हणजे 2019 पासून, जोडीला जास्त बारकाव्याची आणखी एक ओळ येते. साध्या माऊसमध्ये तिथे प्रत्येक खटक्याला उणे 120 दिसतं. एका खटक्याचे 120 भाग मानले, की खटक्याविना गुळगुळीत फिरणाऱ्या चाकाची बारीक हालचालही मोजता येते.

खाली फिरवताना मध्येच अधिक 1 दिसला, तर निकाल लागला. कर्नलपर्यंतच चुकीचा संदेश पोचतो आहे. एन्कोडरमधला संपर्क झिजला आहे किंवा मळला आहे. तो थरथरत लागतो, त्यामुळे कुठला आधी लागला याचा हिशेब चुकतो आणि माऊसला वाटतं की चाक उलटं फिरलं. इथे डेस्कटॉपची कुठलीही सेटिंग बदलून हा दोष मुळातून जात नाही. त्यात संध्याकाळ घालवू नका.

खटका झाला आणि ओळच उमटली नाही, तरी दोष पहिल्या दोन ठाण्यांवरच शोधा.

ईव्हीटेस्टमध्ये दहाही आकडे बरोबर आले, तर एक ठाणं पुढे चला. लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज टाकून सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स ही कमांड चालवा. इथे प्रत्येक खटक्याला पॉइंटर-स्क्रोल-व्हील अशी ओळ येते आणि तिच्यात 15 आणि 120 हे आकडे दिसतात. 15 म्हणजे तेच 15 अंश. पण गोंधळू नका: लिबइनपुटमध्ये खाली जाणं अधिक असतं आणि कर्नलमध्ये उणे. दोन्हीकडची चिन्हं उलट असणं हा बिघाड नाही, ती पद्धतच आहे. दोन्ही कमांड कंट्रोल आणि सी दाबून थांबवायच्या.

त्यापुढचं ठाणं पडद्याच्या यंत्रणेचं. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर सहसा अजून एक्स असतं. तिथे एक्स, ई, व्ही या तीन अक्षरांची कमांड चालवा. एक छोटी पांढरी खिडकी उघडते. तिच्यावर चाक फिरवलं की वर जाण्यासाठी बटण 4 आणि खाली येण्यासाठी बटण 5 असं दिसतं. चाकाला बटण का म्हणतात? कारण एक्स चाकाच्या माऊसपेक्षा जुनं आहे. चाकाचा माऊस लोकांच्या हातात आला तो मुख्यतः 1996 च्या इंटेलिमाऊसनंतर. तेव्हा एक्समध्ये चाकासाठी जागाच नव्हती, म्हणून चाकाला चौथं आणि पाचवं बटण ठरवून वेळ निभावून नेली. त्या काळातली लिनक्सची मंडळी हे दोन आकडे सेटिंगच्या फाइलमध्ये हाताने लिहीत असत. उबंटूच्या नव्या आवृत्त्यांत वेलँड असतं. तिथे हेच काम डब्ल्यू, ई, व्ही ही कमांड करते.

इथपर्यंत सगळं बरोबर असेल, तर दोष शेवटच्या ठाण्यावर, म्हणजे प्रोग्राममध्ये आहे.

मधल्या ठाण्यांवरचे नेहमीचे दोषी

बिनतारी माऊस थांबत-थांबत चालत असेल तर आधी बॅटरी बदला. तरी फरक पडला नाही, तर रिसीव्हर कुठे लावला आहे ते पाहा. यूएसबी 3.0 च्या पोर्टमधून आणि त्याला लावलेल्या हार्ड डिस्कमधून निघणारा विद्युत गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि बरेच बिनतारी माऊस त्याच पट्ट्यात बोलतात. रिसीव्हर साध्या यूएसबी 2.0 पोर्टात लावा किंवा यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन वायर लावून तो माऊसजवळ आणा.

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि विंडोजमधून लिनक्समध्ये आल्यावर पान एका खटक्यात भराभर पळत असेल, तर रिसीव्हर काढून पुन्हा लावा. काही माऊसना विंडोजने जास्त बारकाव्याने मोजायला सांगितलेलं असतं आणि नुसत्या रीस्टार्टने ते विसरत नाहीत. वीज तुटली की विसरतात.

वायरच्या माऊससाठी सुडो डीमेसेज ही कमांड चालवा. तिला उणे-डब्ल्यू जोडलं की नव्या ओळी येतील तशा दिसत राहतात. आता वायर माऊसजवळ हलकेच हलवा. माऊस तुटला, पुन्हा जोडला, अशा ओळी येऊ लागल्या तर वायर आतून तुटली आहे.

खूप जुन्या कॉम्प्युटरला गोल पीएस/2 पिनचा माऊस असतो. बाण हलतो, क्लिक होतं, पण चाक मात्र मेलेलं, असं तिथे होऊ शकतं, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. पीएस/2 माऊस आधी चाक नसल्यासारखाच वागतो. कॉम्प्युटरने त्याला वेगाचे तीन आकडे ओळीने सांगायचे, 200, 100 आणि 80, आणि मग ओळख विचारायची. चाक असलेला माऊस हा संकेत ओळखतो, 3 असं उत्तर देतो आणि त्यानंतर तीन बाइटऐवजी चार बाइटचे संदेश पाठवू लागतो. तो चौथा बाइट चाकाचा. मध्ये एखादा स्विच असेल किंवा पिन ढिली झाली असेल, तर हा संकेत हुकतो आणि माऊस पुन्हा बिनचाकी होतो. अशा वेळी सुडो मॉडप्रोब उणे-आर पीएसमाऊस आणि मग सुडो मॉडप्रोब पीएसमाऊस या दोन कमांड दिल्या, की कॉम्प्युटर ओळख नव्याने विचारतो.

डेस्कटॉपच्या ठाण्यावर आयएमव्हील नावाचा जुना प्रोग्राम आहे का ते पाहा. चाकाचा वेग वाढवायला कुणी तरी सांगितला म्हणून तो टाकलेला असतो आणि मग विसरला जातो. तो एका खटक्याचे अनेक खटके करतो. गरज नसेल तर काढून टाका. वेगासाठी केडीई डेस्कटॉपवर, वेलँडमध्ये, माऊसच्या सेटिंगमध्येच सोय आहे.

उघडून साफ करताना

ईव्हीटेस्टने माऊसकडे बोट दाखवलं, तर फेकण्याआधी एक प्रयत्न जरूर करा. वायर किंवा बॅटरी काढा. माऊस उलटा धरून चाकाच्या फटीत हातपंपाने हवा मारा आणि चाक दोन्ही दिशांना वीस-तीस वेळा फिरवा. नुसत्या धुळीचा त्रास असेल तर एवढ्याने जातो.

नाही गेला तर स्क्रू काढा. ते बहुतेक वेळा खालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली किंवा लेबलखाली लपलेले असतात. आत केसांचा आणि धुळीचा गुंता दिसेल, तो चिमट्याने काढा. एन्कोडरच्या डबीच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब सोडा, चाक फिरवा, पूर्ण सुकू द्या आणि मगच माऊस जोडा. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन मागे चिकट थर ठेवतं. खोबरेल तेल किंवा शिवणयंत्राचं तेलही नको, त्यावर धूळ आणखी चिकटते.

साफ करूनही आकडे उलटसुलट येत असतील, तर संपर्क झिजले आहेत. डाग देणारा कारागीर जवळ असेल तर एन्कोडर बदलून मिळतो. मात्र जुना भाग बरोबर न्या, त्यांच्या उंचीत मिलीमीटरांचा फरक असतो. स्वस्त माऊसला हा खटाटोप परवडत नसेल तर खुशाल नवा आणा आणि जुना ई-कचऱ्यात द्या. पण आता तुम्ही तो कारण कळल्यावर टाकता आहात, आणि नव्या माऊसने त्रास जाईल याची तुम्हाला खात्री आहे.

फोनवर विचारायचं ते हे

"रीस्टार्ट करून बघा" हे सांगायला सोपं. त्याऐवजी हे चार प्रश्न विचारा. "काका, हे सगळीकडे होतंय की फक्त पेपर वाचताना?" "दर वेळी होतंय की मधूनच?" "पान सरकतंय की अक्षरं मोठी होतायत?" "आजूबाजूला दुसरा माऊस आहे का?" पहिल्या उत्तराने प्रोग्राम वेगळा होतो, दुसऱ्याने सेटिंग आणि झीज वेगळी होते, तिसऱ्याने कीबोर्ड सापडतो, चौथ्याने माऊसची शहानिशा होते.

आणि दुरुस्ती होईपर्यंत त्यांचं वाचन थांबू देऊ नका. ब्राउझरमध्ये स्पेसबार दाबला की पान एक पडदाभर खाली जातं, शिफ्टसह दाबला की वर येतं. पेज-अप आणि पेज-डाउन या कळाही आहेतच. हे कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा. शेवटी दोष सापडला की तो काय होता हेही त्यांना सांगा, साध्या शब्दांत: चाकाच्या आतला भाग झिजला होता, तुमचा हात ठीक आहे.